प्रात्यक्षिकाची भिंत

पारोळ्याच्या शाळेत
नववीला संस्कृत नको म्हणालेले आम्ही एकोणीस जण
मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलो.
नेहेते सरांनी फळ्यावर लिहिलं, बांधकाम तंत्रज्ञान,
आणि खडू ठेवून म्हणाले, विटा मोजा.

चारशे बारा भरल्या.
दरवर्षी तेवढ्याच असायच्या,
कोपरे झिजलेल्या, एकीवर खिळ्याने कोरलेलं
र. भा. १९८८.
सिमेंट मिळणार नव्हतं. गाऱ्यात बांधायचं,
म्हणजे पाडता येतं.
सरकारी वीट आहे, सर म्हणाले,
हिची दरवर्षी बदली होते.

हौदात टाकली की वीट पाणी प्यायची,
बारीक बुडबुडे, चुर्र असा आवाज,
तो थांबेपर्यंत थांबायचं.
रूपसिंग पावरा कधीच थांबायचा नाही.
त्याच्या भिंतीतला गारा तासाभरात फुफाटा.

वहीत मात्र सगळं नीट होतं:
इंग्लिश बॉण्ड, फ्लेमिश बॉण्ड,
सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही.
दोन विटांमधल्या फटीला दर्जा म्हणतात
हे मला तिथे कळलं.
तोवर दर्जा म्हणजे प्रगतिपुस्तकातला रकाना,
माझ्या नावापुढे बहुतेक वेळा सामान्य.

काळ्या मातीवर पाच मार्कांचा प्रश्न हमखास.
चैत्रात ती फाटते, भेगेत हात कोपरापर्यंत जातो,
श्रावणात फुगते नि घर उचलते.
उत्तर: मुरूम लागेपर्यंत खाली जा.
मी लिहायचो. घरी झोपताना
चुलीमागच्या भेगेत बोट घालून बघायचो,
मुरूम किती खाली असेल.

बाप हिलाल गवंडी, शाळा दुसरीपर्यंत.
एका संध्याकाळी त्याने माझी वही उलटी धरली,
मग सुलटी,
आणि चित्रातल्या टोकाच्या चिंचोळ्या तुकड्यावर बोट ठेवलं.
याले काय म्हंतस?
क्वीन क्लोजर. म्हणजे राणी.
राणी! तो इतका हसला की आईने हातातला चहा खाली ठेवला.
आम्ही याले नुसता तुकडा म्हंतस.
दुसऱ्या दिवसापासून साइटवर
बिगाऱ्याला ओरडायचा, राणी दे रे.

दहावीच्या मार्चमध्ये नाशिकहून परीक्षक आले.
पाचपाच जणांची पाळी,
मीटरभर लांब, सात थर, एक कोपरा.
पत्रा असा तापलेला
की थापीचा दांडा धरवत नव्हता.
बाप कुंपणापलीकडे उभा, डबा हातात.
मी पाहिलं की तो निंबाकडे पाहायचा.
परीक्षकांनी ओळंबा सोडला,
दोरी हलायची थांबेपर्यंत घाम पुसला,
दोन सूत बाहेर, लिहिलं.
पन्नासपैकी एकतीस.

मग पाडायची.
स्वतःची स्वतः, हातोडी न वापरता,
वीट फुटली तर दोन रुपये.
वरून एकेक उचलली, खरवडली, रचली.
र. भा. १९८८ माझ्या तिसऱ्या थरात होती,
दर्शनी बाजूला, मीच मुद्दाम ठेवलेली.
तिच्यावर अजून दोन अक्षरांची जागा होती.
खिळाही होता खिशात.

रात्री जेवताना बाप म्हणाला,
दोन सूत ना? उजवाकडे.
कुंपणाआडून, तीस हातांवरून, नुसत्या डोळ्याने.

तो घोरायला लागल्यावर
मी दप्तरातून शाळेचा ओळंबा काढला
आणि आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लावला,
त्याच्या हातची, बारा वर्षं गिलाव्याविना उभी.
दोरी बराच वेळ हलत राहिली, बहुतेक माझाच हात.
मग स्थिर झाली. बॅटरी दातात धरून
मी पट्टी टेकवली.

किती सूत निघाले
ते माझ्याकडे राहू द्या.